रिकाम्या जंगलातला पतंग : उत्तर स्कॉटलंडमधलं पाइन ब्युटीचं प्रकरण

१९७६ साली स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलँडमध्ये, लॉजपोल पाइनची शंभराहून अधिक हेक्टर लागवड उभ्या उभ्या मेली. वणवा लागला नव्हता, वादळ झालं नव्हतं. झाडांवरच्या जुन्या-नव्या सगळ्या सुया एका पतंगाच्या अळ्यांनी खाऊन टाकल्या होत्या. पतंगाचं नाव पाइन ब्युटी, शास्त्रीय नाव पॅनोलिस फ्लॅमिया.

हा पतंग बाहेरून आलेला नव्हता. स्कॉट्स पाइन हे तिथलं मूळचं झाड, आणि त्या झाडांच्या जंगलात तो फार पूर्वीपासून राहत होता. तिथे त्याची संख्या नेहमीच तुरळक असे. बाहेरून आलं होतं ते लॉजपोल पाइन, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं झाड. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाचं उत्पादन वाढवण्यासाठी उत्तर स्कॉटलंडच्या पीटच्या जमिनी नांगरल्या गेल्या. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, कायम ओला राहणारा थर. काही ठिकाणी तो कित्येक मीटर खोल असतो. अशा आम्ल आणि निकस जमिनीत फार थोडी झाडं तग धरतात, लॉजपोल त्यांपैकी एक. नांगराने उलटलेल्या पट्ट्यांवर रोपं लावली, फॉस्फेट दिलं, आणि जिथे आधी झाडच नव्हतं तिथे हजारो हेक्टरांवर एकाच जातीची, एकाच वयाची झाडं उभी राहिली.

स्थानिक पतंग, परकं यजमान झाड (ज्यावर तो जगतो ते) आणि मुळात जंगल नसलेली जमीन, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर काय झालं आणि त्याचं कारण शोधताना कुठे कुठे चूक होत गेली, याचं हे प्रकरण आहे.

पतंगाचं वर्ष

पाइन ब्युटीची वर्षाला एकच पिढी होते. प्रौढ पतंग पंख पसरून साधारण ३० ते ४० मिलिमीटर भरतो. पुढचे पंख विटकरी-नारिंगी, त्यांवर फिकट पांढरे ठिपके. पाइनच्या कोंबाजवळ पंख मिटून बसला की कोंबाचे तपकिरी खवले कुठे संपतात आणि पतंग कुठे सुरू होतो, ते जवळून पाहिलं तरी चटकन कळत नाही. मार्च ते मे हा त्याच्या उडण्याचा काळ. तेव्हा फुलं फारशी नसतात, त्यामुळे संध्याकाळी तो विलोच्या तुऱ्यांवर मध प्यायला येतो.

मादी गेल्या वर्षीच्या सुयांवर अंडी घालते, एका सुईवर एका ओळीत काही अंडी. ताजी अंडी फिकट असतात, फुटायच्या आधी जांभळट होतात. हा रंगबदल लक्षात ठेवावा. फवारणीचा दिवस ठरवताना तो उपयोगी पडतो.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम काही मिलिमीटरांची असते आणि तिच्या जबड्यांत जुनी, टणक सुई कुरतडायची ताकद नसते. जन्म जुन्या सुईवर आणि अन्न मात्र नव्या कोंबातच, अशी तिची अडचण आहे. कोंब उमलत असेल तर ती कोवळ्या सुयांत शिरते, रेशमाच्या धाग्यांनी त्या एकमेकींना बांधते आणि आतच खाते. कोंब अजून मिटलेला असेल तर पुष्कळ अळ्या उपाशी मरतात. अंडी फुटण्याची आणि कोंब उमलण्याची वेळ जुळली की ते वर्ष पतंगाचं. पुढे कात टाकत टाकत अळी पाच अवस्थांतून जाते. मोठी अळी हिरवी, अंगावर लांब पांढरे पट्टे, बाजूला नारिंगी रेघ. सुईला समांतर बसली की सुईच वाटते. या वयात तिला जुन्या सुयाही चालतात.

झाडाचा जीव जातो तो इथेच. पाइनच्या जंगलात आणखी एक प्रसिद्ध पतंग आहे, बुपालस पिनिआरिया, पाइन लूपर. त्याच्या अळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरद ऋतूत खातात, तोवर पुढच्या वर्षाचे कोंब तयार होऊन बंद झालेले असतात. झाड बोडकं दिसतं, पण वसंतात पुन्हा फुटू शकतं. पाइन ब्युटी आधी नवे कोंब खाते आणि मग जुन्या सुयांकडे वळते. पाइनकडे रुंदपानी झाडांसारखी त्याच उन्हाळ्यात दुसरी पालवी काढायची सोय नसते. पूर्ण बोडकं झालेलं लॉजपोल बहुधा मरतं. अर्धवट वाचलेल्या झाडावर टोमिकस पिनिपेर्डा हा खोडात शिरणारा भुंगेरा चाल करून येतो, कारण अशक्त झाडात राळेचा दाब कमी असतो आणि त्याला आत शिरता येतं.

जुलैच्या सुमारास पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीवर येतात आणि सुयांच्या पाचोळ्यात, बहुधा पाचोळा आणि खालची माती यांच्या सांध्यात, कोषात जातात. तिथून थेट पुढच्या मार्चपर्यंत हालचाल नाही. वर्षातले सात-आठ महिने हा पतंग झाडावर नसतोच, तो जमिनीत असतो. लागवड पाहायला जाणारा माणूस नजर वर ठेवून चालतो, म्हणून हा मुक्काम त्याच्या नजरेतून निसटतो.

पहिली प्रतिक्रिया : फवारणी

१९७६ नंतर प्रादुर्भाव आणखी लागवडींत दिसू लागला आणि १९७८ मध्ये स्कॉटलंडमध्ये हजारो हेक्टरांवर विमानातून फेनिट्रोथिऑन फवारलं गेलं. हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. पद्धत अत्यल्प घनफळाची, म्हणजे हेक्टरी पाच लिटरांपेक्षाही कमी द्रव, फिरत्या चकत्या किंवा जाळ्यांमधून अतिशय बारीक थेंब करून सोडायचा. यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. पाइनची सुई बारीक असते. मोठा थेंब तिच्यावर टिकत नाही, घरंगळून जमिनीवर पडतो आणि औषध वाया जातं. बारीक थेंब वाऱ्याबरोबर झाडांच्या शेंड्यांतून वाहतो आणि सुयांना आपटून चिकटतो. म्हणून या पद्धतीला थोडा वारा लागतो. अगदी शांत हवेत थेंब तरंगत राहतात, जोराच्या वाऱ्यात ते लागवडीबाहेर, ओढ्यांवर जातात.

खरी कसरत वेळेची होती. पहिल्या अवस्थेतली अळी बांधलेल्या कोंबात लपलेली असते, तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही. चौथ्या-पाचव्या अवस्थेतली अळी मरते, पण तोवर तिने बहुतेक सुया संपवलेल्या असतात. योग्य खिडकी या दोहोंच्या मधली: बहुतेक अंडी फुटलेली, अळ्या उघड्यावर खाऊ लागलेल्या, पण अजून लहान. उत्तर स्कॉटलंडमध्ये ही वेळ साधारण जूनमध्ये येते आणि मोजक्या दिवसांची असते. त्यात पाऊस, धुकं आणि जोराचा वारा वजा केला की उडता येण्याजोगे तास फार थोडे उरतात. तारीख कॅलेंडरवरून ठरवली की हमखास चुकते. थंड वसंतात अंडी उशिरा फुटतात आणि उंचावरच्या भागात आणखी उशिरा. त्याच लागवडीतल्या फांद्या कापून फुटलेली आणि न फुटलेली अंडी मोजणं, एवढाच भरवशाचा मार्ग.

पुढे फेनिट्रोथिऑनऐवजी डायफ्लुबेंझुरॉन वापरात आलं. ते अळीच्या नव्या कातडीतलं कायटिन, म्हणजे तिला टणकपणा देणारा पदार्थ, तयार होऊ देत नाही, त्यामुळे अळी पुढची कात टाकताना मरते. ते पोटात जावं लागतं आणि परिणाम दिसायला दिवस लागतात. १९८०च्या दशकात याच पतंगाच्या नैसर्गिक विषाणूच्या, न्यूक्लिओपॉलिहेड्रो विषाणूच्या, फवारणीचे प्रयोगही झाले. हा विषाणू फार थोड्या जातींना लागतो, ही त्याची जमेची बाजू. पण तोही सुईबरोबर पोटात जावा लागतो, उन्हातल्या अतिनील किरणांनी निकामी होतो आणि मोठ्या अळीला मारायला त्याची मात्रा पुष्कळ जास्त लागते. म्हणजे वेळेची खिडकी आणखी अरुंद.

फवारणीने झाडं वाचली, हे नाकारता येणार नाही. पण साधारण सहा-सात वर्षांनी प्रादुर्भाव पुन्हा डोकं वर काढत राहिला.

कारणाचा शोध

प्रश्न सरळ होता: स्कॉट्स पाइनवर तुरळक राहणारा पतंग लॉजपोलवर का उसळतो?

पहिलं उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं: ताण. प्रादुर्भाव बहुधा खोल पीटवरच्या लागवडींत सुरू होत होते. तिथे मुळांना हवा मिळत नाही, अन्नद्रव्यं कमी, झाड ताणाखाली. १९७४ मध्ये टी. सी. आर. व्हाइट यांनी न्यूझीलंडमधल्या पाइन लागवडीतल्या अळ्यांवरून मांडणी केली होती की पाण्याच्या ताणाखालच्या झाडाच्या पानांत सहज पचणारा नायट्रोजन वाढतो, म्हणून लहान अळ्या जास्त जगतात. पीटवरच्या लॉजपोलला ही मांडणी नेमकी बसते असं वाटलं. प्रयोगांनी मात्र साथ दिली नाही. ताण दिलेल्या झाडांवर अळ्यांची वाढ किंवा जगण्याचं प्रमाण उद्रेकाचं कारण ठरेल इतकं सुधारलं नाही.

दुसरं उत्तर: लॉजपोल अळ्यांना जास्त मानवतं. यात थोडं तथ्य होतं. मादी अंडी कुठे घालायची हे ठरवताना सुयांतल्या मोनोटर्पीन गटातल्या वासद्रव्यांना प्रतिसाद देते आणि लॉजपोलच्या वेगवेगळ्या मूळस्थानांच्या रोपांत, अलास्काकडच्या आणि दक्षिण किनाऱ्याकडच्या, हा रासायनिक नमुना वेगळा असतो. कोणत्या मूळस्थानाचं बी लावलं यावरून अंड्यांची संख्या बदलते. पण झाडाझाडांतल्या या फरकाने दोन जातींच्या जंगलांतला प्रचंड फरक सुटत नव्हता.

अॅलन वॉट आणि सायमन लेदर या कीटक-अभ्यासकांच्या कामाने हा गुंता सुटत गेला. कल्पना साधी होती. स्कॉट्स पाइन आणि लॉजपोल, दोन्हींच्या फांद्यांवर लहान अळ्या सोडायच्या. काही फांद्यांवर बारीक जाळीची पिशवी चढवायची, म्हणजे पक्षी, कोळी, मुंग्या, परजीवी माश्या यांना आत येता येणार नाही. काही फांद्या उघड्या ठेवायच्या. ठरावीक दिवसांनी उरलेल्या अळ्या मोजायच्या. जाळीच्या आत अळ्या स्कॉट्स पाइनवरही उत्तम वाढल्या. म्हणजे त्या झाडात त्यांना मारणारं काही नव्हतं. उघड्यावर मात्र स्कॉट्स पाइनच्या जंगलात त्या जास्त प्रमाणात नाहीशा होत होत्या. फरक सुयांच्या चवीत नव्हता, खाणाऱ्यांच्या हजेरीत होता.

जमिनीखालच्या पाहणीतूनही याच दिशेची माहिती आली. पाचोळ्यात फिरून कोष खाणारे भुंगेरे जमिनीचा प्रकार आणि पाइनची जात यांनुसार बदलतात. जुन्या पाइनवनात खाली हेदर आणि ब्लूबेरीच्या कुळातली झुडुपं, शेवाळ, कुजकी लाकडं, मुंग्यांची वारुळं असतात. खोल पीटवरच्या दाट लॉजपोलखाली प्रकाश पोहोचत नाही. तिथे सुयांचा थर, आणि त्याखाली ओलं पीट.

याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. उदाहरणापुरती एका मादीची दीडशे अंडी धरू. त्यांतून सरासरी दोन पतंग जगले तर संख्या स्थिर राहते. चार जगले तर दरवर्षी दुप्पट. म्हणजे दीडशेपैकी १४८ मेले की शांतता, १४६ मेले की सहा वर्षांत चौसष्टपट. जंगलात उभं राहून १४८ आणि १४६ यांतला फरक डोळ्यांना दिसणं शक्य नाही. काही कोळी, एखादी परजीवी माशी, थोडे भुंगेरे गैरहजर असले तरी एवढा फरक पडतो. उद्रेक अचानक झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षं चालू असतो.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. स्कॉट्स पाइन म्हणजे आपोआप सुरक्षित, असा याचा अर्थ काढू नये. जर्मनी आणि पोलंडच्या रेताड जमिनींवरच्या स्कॉट्स पाइनच्या एकसुरी लागवडींत याच पतंगाने १९२२ ते १९२४ या काळात फार मोठं नुकसान केलं होतं. झाड मूळचं असलं तरी त्याखालचं जंगल नसेल तर परिणाम सारखाच होऊ शकतो.

मोजणी कशी करतात आणि कुठे चुकते

प्रादुर्भाव आधी ओळखण्याचा आधार म्हणजे हिवाळ्यातली कोषांची मोजणी. पतंग मार्चमध्ये निघू लागतात, त्याआधी ती पूर्ण व्हायला हवी आणि जमीन गोठलेली असताना ती करता येत नाही. ५० सेंटिमीटर बाजूची चौकट ठेवावी, आतला सगळा पाचोळा खालच्या मातीच्या किंवा पीटच्या वरच्या थरापर्यंत उचलावा, चाळणीने किंवा हाताने निवडावा आणि आकडा चारने गुणावा, म्हणजे चौरस मीटरचा हिशेब मिळतो. स्कॉटलंडमध्ये चौरस मीटरमागे साधारण १५ कोष ही सावध होण्याची पातळी मानली गेली. ती ओलांडली की लगेच फवारायचं नसतं. वसंतात अंडी मोजायची आणि मग ठरवायचं. हिवाळ्यात कोष मरतात, पतंग निघण्याच्या काळात हवा बिघडते, म्हणून दुसरी मोजणी टाळणं म्हणजे विनाकारण औषध उडवणं.

सगळ्यात सामान्य चूक म्हणजे रस्त्याकडेच्या झाडांखाली चौकटी टाकणं. तिथे चालणं सोपं असतं, पण प्रकाश, झुडुपं आणि भक्षक सगळंच वेगळं असतं. चौकटी लागवडीच्या आत, ओळींतून ठरावीक अंतराने टाकाव्यात. कोष सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे चार-पाच चौकटींच्या सरासरीवर विसंबता येत नाही. दुसरी चूक, फक्त वरचा सैल पाचोळा पाहून थांबणं. कोष खालच्या दमट सांध्यात असतात.

तिसरी चूक ओळखीची. त्याच पाचोळ्यात पाइन लूपरचेही कोष असतात. पाइन ब्युटीचा कोष गडद तपकिरी, दीडेक सेंटिमीटर लांब. पाठीवर पोटाच्या चौथ्या वलयावर एक खळगा असतो आणि शेपटाकडे दोन काटे. लूपरच्या कोषाला शेपटाकडे एकच टोक असतं आणि त्यावर हिरवट छटा दिसते. भिंगाखाली शेवट पाहिला की गोंधळ राहत नाही.

नर पतंगांसाठी गंधसापळेही लावले जातात. मादीच्या गंधातला मुख्य घटक झेड-९-टेट्राडेसेनिल अॅसिटेट. हे सापळे स्वस्त आणि सोपे, पण त्यांचा आकडा जपून वाचावा. थंड, वादळी संध्याकाळी पतंग उडतच नाहीत, म्हणून एखाद्या वर्षी सापळे रिकामे राहिले तरी जमिनीत कोष भरपूर असू शकतात. उलट संख्या फार वाढली की खऱ्या माद्यांचा गंध इतका पसरतो की सापळा त्यात हरवतो. एकाच ठिकाणच्या सापळ्यांची वर्षागणिक तुलना करावी. सापळ्यातल्या पतंगांवरून हेक्टरी संख्या काढू नये.

पुढे काय झालं

१९९०च्या दशकाअखेरपर्यंत ठरावीक काळाने येणारे उद्रेक त्यानंतर मंदावले. २००८ मध्ये हिक्स, लेदर आणि वॉट यांनी या बदलाचा आढावा घेताना प्रश्न मांडला तो असा की, पतंगाला लॉजपोलवर मिळालेली शत्रूमुक्त जागा आता संपत आली आहे का? लागवडी जुन्या झाल्या होत्या. पतंगाच्या मागून, काही दशकांच्या अंतराने, त्याचे परजीवीही त्या जंगलांत पोहोचले होते. स्थानिक पतंगाला परक्या झाडावर उडी मारायला एक चांगला वसंत पुरतो. त्याच्यावर जगणाऱ्या माशीला मात्र आधी पतंग पुरेसा आणि सलग मिळावा लागतो, प्रौढ माशीला फुलांतलं अन्न लागतं. म्हणून ती मागे राहते.

दरम्यान झाडंही बदलली. १९८८ मध्ये ब्रिटनमधली वनलागवडीवरची करसवलत संपली आणि खोल पीटवर नव्या लागवडी करण्याचा ओघ आटला. फ्लो कंट्री या पीटप्रदेशात तर लावलेली लॉजपोल आणि सिट्का स्प्रूस तोडून, नांगराचे चर बुजवून पुन्हा ओलं पीट तयार करण्याचं काम चालू आहे. झाडंच गेली तिथे पतंगाचा प्रश्न उरत नाही. जिथे लॉजपोल राहिलं तिथे पाहणी चालू ठेवावी लागते.

त्या पाहणीत फक्त पतंगाचे कोष मोजून भागत नाही. पाचोळा निवडताना आणखी तीन गोष्टी वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. बोटाने हलकेच दाबल्यावर ज्या कोषाचं पोट वळवळत नाही ते कोष. त्यांत बुरशी, विषाणू किंवा परजीवी असण्याची शक्यता असते. पिंपाच्या आकाराचे, गुळगुळीत, लालसर तपकिरी लहान कोश. हे अर्नेस्टिया रुडिससारख्या टॅकिनिड माश्यांचे, ज्यांच्या अळ्या पाइन ब्युटीच्या अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि मातीत जातात. आणि काळपट, चिवट, लांबट कोश. हे बँकस वंशाच्या इक्न्यूमन गांधीलमाशीचे असू शकतात. निरोगी कोषांशी यांचं प्रमाण दरवर्षी नोंदवलं तर पतंग वाढत असताना त्याच्यामागचे शत्रूही वाढत आहेत की नाहीत ते समजतं. चौरस मीटरमागे वीस कोष आणि जवळपास तितकेच माश्यांचे कोश असतील, तर वसंतात अंडी मोजेपर्यंत थांबायला हरकत नसते. वीस कोष आणि शेजारी काहीच नसेल, तर विमानाची चौकशी फेब्रुवारीतच करून ठेवावी.